मी सोबतीला होते

लग्न ठरलेल्या मुलीला होणाऱ्या नवऱ्याशी चार शब्द बोलायचे असतील, तर आमच्या वेळी तिसरं माणूस लागायचं. ते माणूस बाईच हवं, वयानं बरोबरीचं हवं, चांगल्या घरचं हवं आणि शहाणं हवं. शहाणं म्हणजे त्या दोघांपासून वीसेक पावलांवर, त्यांच्याकडे पाठ करून बसणारं. अमरावतीला कॉलेजात असताना दोन वर्षं मी हे काम एका मुलीसाठी केलं. चांगलं केलं असं सगळे म्हणायचे. आता वय झाल्यावर ओळखीचे लोक म्हणतात, बाई, तुमच्या काळच्या आठवणी लिहा. लिहायला बसलं की हीच एक आठवण टाळून पुढं जावंसं वाटतं. म्हणून तीच आधी लिहून टाकते.

मी अकोल्याची. वडील वैद्य. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आणि मागच्या पडवीत औषधं व्हायची. काढे, चूर्णं, अवलेह सगळंच करायचे, पण त्यांचं नाव होतं ते द्राक्षासवासाठी. मनुका उकळायच्या, गूळ घालायचा, धायटीची वाळलेली फुलं टाकायची आणि मातीच्या रांजणाचं तोंड लिंपून तो महिनाभर धान्याच्या कोठीत पुरून ठेवायचा. लहानपणी धायटीची फुलं निवडायचं काम माझ्याकडे असायचं. रांजण उघडला की घरभर आंबूस गोड वास सुटे. बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, भूक न लागणाऱ्याला वडील ते देत, जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. कुणी थट्टेनं म्हटलं की वैद्यबुवा, ही तर दारूच, की त्यांचा चेहरा लाल व्हायचा. "औषध आहे औषध. दारू कलालाकडे मिळते," म्हणून ते त्याला दुकानाबाहेर काढायचे. मी याच घरात वाढले. दारू म्हणजे दुसऱ्यांच्या घरची गोष्ट, हे मी आईच्या दुधाबरोबर प्याले होते.

अमरावतीला ती मुलगी आणि मी एका शाळेतल्या विधवा मास्तरीणबाईंकडे राहत होतो. त्या बाईंनी मागची खोली कॉलेजच्या मुलींसाठी ठेवली होती. मी आधीपासून तिथं होते. जूनमध्ये दुसरी मुलगी आली, शेंदूरजनाघाटची. वडिलांचे संत्र्याचे बगीचे होते. टांग्यातून आधी संत्र्याच्या रोपाची एक कुंडी उतरली, मग ट्रंक, मग ती. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलणं असं की मास्तरीणबाई पहिल्याच दिवशी कानावर हात ठेवायला लागल्या.

"मले खिडकीजवळची खाट पायजे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला म्हणावं. कॉलेजात मले म्हटलंस तर हसतील."

"मले म्हटलं तं तुले समजते ना? मंग झालं." आणि ती खिडकीजवळच्या माझ्या खाटेवर ऐसपैस बसली.

अकोल्याचं आमचं घर काही पुण्यात नव्हतं, आमच्या शेजारीपाजारी सगळे असंच बोलायचे. पण पुस्तकी मराठी बोलण्याचा आणि आपण वैद्याच्या घरचे असल्याचा मला मोठा तोरा होता. त्या माळ्याच्या मुलीला आपण सुधारायचं असं मी मनाशी ठरवलं. पुढं जे झालं त्यात हा तोराही होता, हे आज कळतं.

तिला गणित यायचं. यायचं म्हणजे, मी ज्या उदाहरणावर डोकं आपटत बसायची ते ती संत्रं सोलता सोलता तोंडी सोडवायची. इंटरच्या गणिताच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. तिला बी.ए. गणितातच करायचं होतं आणि नंतर मुलींच्या हायस्कुलात शिकवायचं होतं. गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. पण एक अट होती, आणि ती अट तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा त्यांच्याच जातीतला, अमरावतीचाच, आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. पुढं वकील होणार होता आणि त्याला शिकलेली बायको हवी होती. म्हणून तर तिच्या बापानं तिला पाठवलं. सोयरीक टिकली तर कॉलेज टिकणार, सोयरीक मोडली की गाशा गुंडाळून बगीच्यात.

"म्हणजे तो आहे म्हणून तू शिकतेस," मी म्हटलं.

"नाही वं. मी शिकून राह्यली. तो नुसता आहे," ती म्हणाली आणि खो खो हसली.

दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवलं की मुलांनी रविवारी दुपारून भेटायला हरकत नाही, मात्र सोबत हवी. मास्तरीणबाईंनी माझं नाव सुचवलं. झालं, दर रविवारी आम्ही टांग्यानं वडाळीच्या तलावावर जायचो. तो सायकलवरून यायचा. दिसायला नीटनेटका, परीटघडीचे कपडे, बोलणं गोड. माझ्यासाठी न चुकता मासिकाचा नवा अंक किंवा चिवड्याचा पुडा आणायचा. मी मैत्रिणीचं बोलणं सुधारायची म्हणून मला "अहो शिक्षिकाबाई" म्हणायचा. माझ्याशी कुणी तरुण माणूस असं आदबीनं बोलण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते मला आवडायचं. काय लपवायचं, रविवारची वाट मी तिच्यापेक्षा जास्त पाहायची. तलावाच्या बांधावर एक कडूनिंब होता, त्याच्याखाली त्या दोघांकडे पाठ करून मी मासिक उघडायची.

पहिली गोष्ट झाली ती सहामाही परीक्षेनंतर. प्रोफेसरांनी वर्गात सगळ्यांचे गुण वाचून दाखवले होते आणि हिचे सगळ्यांत जास्त होते. वरच्या वर्गातल्या पोरांनी त्याला चिडवलं असणार, की वकीलसाहेब, उद्या घरचा हिशेब बायकोकडेच द्या. त्या रविवारी तो मासिक न आणताच आला. मी निंबाखाली बसले. थोड्या वेळानं त्याचा आवाज चढलेला ऐकू आला, आणि मग काच फुटल्यासारखा बारीक आवाज. मी मान वळवली. त्यानं तिचं मनगट पिरगाळून पाठीशी धरलं होतं. ती ओरडत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान पुन्हा पुढं केली. पाठ करून बसायचं असतं, म्हणून बसले. पुढच्या पानावर काय छापलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण मी पान उलटलं होतं एवढं नक्की आठवतं.

परतताना टांग्यात तिनं मनगट पदरात गुंडाळलं होतं. म्हणाली, "बांगड्या वाढवल्या."

मी म्हटलं, "दुसऱ्या भरू." एवढंच. त्याबद्दल दोघींत दुसरा शब्द नाही.

कासारीण दर पंधरवड्याला घरी यायची. म्हातारी, डोळ्यांना कमी दिसणारी, पण हात धरला की तिला सगळं दिसायचं. त्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा बांगड्या भरताना तिनं हिचा हात उलटा करून पाहिला. मनगटावर काळेनिळे वळ होते.

"काहून वं पोरी," ती म्हणाली, "तुह्याच हातातल्या बांगड्या इतक्या कशा फुटून राह्यल्या?"

मैत्रिणीनं तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं, "विहिरीवर दोर ओढते ना ती. सवय नाही."

शेंदूरजन्याच्या बगीच्यात वाढलेल्या मुलीला विहिरीचा दोर ओढायची सवय नाही! कासारणीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पितळेची बांगडी दाखवून म्हणाली, "मंग हे घाल माय, हे फुटत नाही." खोटं बोलायला मला एक क्षणही लागला नव्हता. जिनं विचारायला हवं होतं ती मी, आणि विचारलं त्या अडाणी म्हातारीनं. याची लाज त्या दिवशी वाटायला हवी होती. ती फार उशिरा वाटली.

आता आसवाचं सांगते. वडील मला दर सुट्टीत त्यांच्या दुकानचं लाखेचं बूच लावलेल्या दोन शिश्या बांधून द्यायचे, अभ्यासानं थकवा येतो म्हणून. मी आळशी, घेत नसे. त्या शिश्या माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत पडून असायच्या. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही वडाळीहून परत आलो तेव्हा तिचा गाल सुजला होता. जेवली नाही. सोमवारी गणिताची चाचणी होती आणि तिनं वही उघडली नव्हती. मला काय सुचावं? वैद्याची मुलगी ना मी! दोन चमचे आसव दोन चमचे पाण्यातून दिलं. अर्ध्या तासात तिचा चेहरा निवळला. जेवली. "बाबूजीचं औषध भारी आहे वं," म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली. मला कोण आनंद झाला. तिच्या दुखण्यावर माझ्या घरचा उपाय लागू पडला होता. कुणाला काही बोलावं लागलं नव्हतं, कुणाशी भांडावं लागलं नव्हतं.

मग शनिवारी दोन चमचे, उद्या रविवार आहे म्हणून. रविवारी दोन, जाऊन आलो म्हणून. सोमवारी, अंग दुखतं म्हणून. दिवाळीपर्यंत चमचा गेला आणि वाटी आली, संक्रांतीपर्यंत पाणी घालणं बंद झालं. त्या वर्गात सगळ्यांच्या पुढं असणारी मुलगी सकाळच्या तासाला उशिरा जायला लागली. तिच्या वहीतली उदाहरणं अर्धवट राहायला लागली. मी पाहत होते. आणि दर सुट्टीत अकोल्याहून दोनाच्या जागी चार शिश्या आणत होते. बडनेऱ्याला गाडी बदलताना ट्रंकेतून शिश्यांचा किणकिणाट व्हायचा, तर हमालाला मी मोठ्या ऐटीत सांगायची, "जपून, औषध आहे."

वडिलांनी विचारलं, "इतकं कोण घेतं?"

"मास्तरीणबाईंना अशक्तपणा आहे," मी म्हटलं. त्यांनी कौतुकानं आणखी एक शिशी दिली.

याच दिवसांत अमरावतीत दारूबंदीचं वारं होतं. कॉलेजच्या मुली टोळ्या करून कलालाच्या दुकानापुढं उभ्या राहायच्या, येणाऱ्यांना हात जोडून परत फिरवायच्या. त्यात मी पुढं. मला भाषण करता यायचं. दारूनं संसाराची कशी राखरांगोळी होते यावर मी अर्धा अर्धा तास बोलायची आणि बाया डोळ्यांना पदर लावायच्या. एकदा अशीच घसा बसवून मी खोलीवर आले. मैत्रिणीनं माझ्यासाठी चहाच्या कपात आसव ओतलं. "घे, घसा मोकळा होईन," म्हणाली. मी घेतलं. घसा मोकळा झाला. दोघींपैकी कुणालाच हसू आलं नाही, कारण दोघींनाही त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

शिश्या संपल्या की तिची तगमग व्हायची. एकदा मी अकोल्याहून एक दिवस उशिरा आले, तर खोलीत वेगळाच उग्र वास. भांडी घासायला येणाऱ्या बाईकडून तिनं लोट्यातून मोहाची आणवली होती. मी संतापले. काय काय बोलले तिला! आपल्या खोलीत कलालाची दारू, मास्तरीणबाईंना कळलं तर, लोक काय म्हणतील, तुझ्या जातीत चालत असेल. हे शेवटचं वाक्यसुद्धा मी बोलले. ती खाटेवर बसून ऐकत होती.

"तू जे देते ते काय आहे मंग?" तिनं विचारलं.

"ते औषध आहे!"

"कशाचं वं? मले काय झालं?"

तिला काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. दर रविवारी तिला मार बसत होता, हे तिच्या दुखण्याचं नाव. ते नाव घेतलं असतं तर पुढचं काही करावं लागलं असतं. मी नाव घेतलं नाही. तिच्याकडून शपथ घेतली की मोहाची पुन्हा आणायची नाही, आणि बदल्यात मी कबूल केलं की आमचं आसव कमी पडू देणार नाही. ही माझी तोड. आपल्या घरचं तेवढं शुद्ध, या एका समजुतीवर मी एका चांगल्या मुलीला बुडवत होते, आणि वर तिला वाचवल्याचं समाधान मानत होते.

पिऊन ती गप्प बसत नसे, हे त्याच्या लक्षात आलं. आधी ती मार खाऊन मुकाट राहायची. आता उलट बोलायला लागली. एकदा तर वडाळीवर तिनं त्याचा हात झटकून मोठ्यानं म्हटलं, "मारून पाह्य आता, लोकाईले बलावतो." त्यानं तिच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि मग सावकाश हसला. त्या दिवसापासून त्याला कारण मिळालं. आता तो म्हणायला लागला की ही पिते म्हणून मला हात उचलावा लागतो. असं शांतपणे म्हणायचा, अगदी नाइलाज झालेल्या माणसासारखा. पहिली बांगडी फुटली तेव्हा तिच्या ओठाला आसवाचा थेंबही लागलेला नव्हता. आधी मार, मग आसव. हे सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते निंबाखाली मासिक वाचत बसलं होतं.

एका रविवारी ती तोंड धुवायला पाण्याजवळ गेली तेव्हा तो माझ्याकडे आला. नेहमीच्या आदबीनं म्हणाला, "हिला हे कोण आणून देतं, शिक्षिकाबाई?"

"मला माहीत नाही."

"शिशी पाहिली मी तिच्या पिशवीत. नावाचा कागद खरवडलेला आहे, पण बूच ओळखीचं वाटतं. आमच्या घरीही येतं अकोल्याहून." मग म्हणाला, "तुमच्या वडिलांचं फार नाव आहे. जपायला हवं."

इतकंच म्हणाला आणि माझ्या हातात नवा अंक ठेवून गेला. त्या संध्याकाळी मला ताप आला.

वर्षाची परीक्षा महिन्यावर आली तेव्हा तिनं बापाला पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. तो मले मारते. मले त्याच्याशी लग्न करायचं नाही. पण मले कॉलेजातून काढू नका. तीनच वाक्यं. मी म्हटलं, बापाला असं लिहितात का? ती म्हणाली, "सरळ लिवलं तं सरळ समजते." तिच्या बापाला ते समजलंही. तो आठवड्याच्या आत येऊन हजर झाला. धोतर, रुमाल, हातात संत्र्यांची टोपली मास्तरीणबाईंसाठी. मुलाच्या बापालाही निरोप गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मास्तरीणबाईंच्या बैठकीत जमणार होते.

त्या सकाळी तिनं अंघोळ केली, केस विंचरले आणि शिशीला हात लावला नाही. हात कापत होते, तरी नाही. मला म्हणाली, "तुले एकच इचारतीन. त्यानं हात उचलला का. तेवढं खरं सांग. पेण्याचं माह्यं मी सांगीन. मी सोडून देईन ते, पण मले शिकू द्या म्हणीन." मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "सांगेन." तेव्हा खरंच सांगणार होते. आजही मला तसं वाटतं.

बैठकीत सतरंजी घातली होती. एका बाजूला तिचा बाप आणि ती, दुसऱ्या बाजूला तो आणि त्याचा बाप, मध्ये मास्तरीणबाई. तिच्या बापानं मला बोलावलं आणि समोर बसवलं. माझ्याहून वयानं केवढा मोठा माणूस, पण माझ्यापुढं हात जोडून बसला.

"माय, तू शिकली सवरली आहेस. तू सोबतीले होती. या पोरानं माह्या पोरीवर हात टाकला का? तू म्हणशीन ते मी मानीन."

मी त्या मुलाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. त्यानं फक्त खिशातून एक शिशी काढली आणि सतरंजीवर सगळ्यांच्या मध्ये उभी करून ठेवली. कागद खरवडलेली, लाखेचं बूच असलेली. माझ्या डोळ्यांपुढं अकोल्याचं दुकान आलं. वडिलांचा लाल झालेला चेहरा आला. औषध आहे औषध. मी सतरंजीकडे पाहून म्हटलं,

"मी पाठ करून बसत होते. मला दिसलं नाही."

यातल्या पहिल्या वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. म्हणून तर ते वाक्य इतकं सहज बाहेर आलं. मास्तरीणबाईंनी समाधानानं मान हलवली, कारण मुलगी शिस्तीची निघाली होती. तिच्या बापाचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

मग मुलाचा बाप बोलला. शिशीबद्दल बोलला, तिच्या तोंडाच्या वासाबद्दल बोलला, कॉलेजनं मुली कशा बिघडतात त्याबद्दल बोलला. आम्ही मोठ्या मनानं तरी सोयरीक मोडत नाही म्हणाला. तिच्या बापानं तिला विचारलं, "हे खरं आहे का?"

"हो," ती म्हणाली.

"कोनं देल्लं तुले हे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी वडाळीवर पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मग बापाकडे तोंड करून म्हणाली, "कोनं नाही. मीच आणली बजारातून."

ती माझं नाव घेऊ शकली असती. एक शब्द, आणि मी, माझे वडील, दुकान, दारूबंदीची भाषणं सगळं त्या सतरंजीवर आडवं झालं असतं. तिनं नाही घेतलं. बापाच्या हातची थप्पड तिनं माझ्यादेखत खाल्ली, आणि त्या वेळी मी पाठ करून बसलेली नव्हते.

परीक्षा तिनं दिली नाही. त्याच दुपारी टांगा आला. ट्रंक चढली, कुंडी चढली. संत्र्याचं ते रोप दोन वर्षांत कमरेएवढं झालं होतं. ती माझ्याशी बोलली नाही, रागावलेलीही दिसली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, त्याच्याशीच. लग्न झालं की दोघंही सुधारतील असं म्हणे मोठ्यांचं मत पडलं. माझ्या नावानं कुंकू लावलेली पत्रिका आली होती. मी गेले नाही. मी बी.ए. झाले, अकोल्याला मुलींच्या शाळेत लागले. तिला करायची होती ती नोकरी मी करू लागले. गणित मात्र मला कधीच शिकवता आलं नाही.

काही वर्षांनी त्यानं अकोल्याला वकिली सुरू केल्याचं कानावर आलं. म्हणजे ती माझ्याच गावात होती, पाच-सहा गल्ल्या सोडून. मी त्या बाजूनं जाणं टाळायची. शाळेतून येताना लांबचा रस्ता घ्यायची आणि वडिलांनी विचारलं तर सांगायची की भाजी घ्यायची होती.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत धायटीची फुलं निवडत बसले होते. पुढं दुकानात कुणी बाई आल्याचं कळलं. आवाज ऐकला आणि माझे हात थांबले.

"बाबूजी, द्राक्षासव आहे का? चार शिश्या द्या."

"चार? कुणाला अशक्तपणा आहे, बाई?"

"मलाच आहे," ती म्हणाली. मला, मले नाही. मी शिकवलेलं ते एवढंच तिच्याजवळ टिकलं होतं. बोलताना तिच्या हातातून काचेचा आवाज येत नव्हता. पितळेच्या बांगड्यांचा जड आवाज येत होता.

वडिलांनी शिश्या बांधून दिल्या, नेहमीसारखं समजावून सांगितलं, जेवणानंतर दोन चमचे, तेवढ्याच पाण्यातून. मग तिनं विचारलं, "ताई घरी आहेत का?" वडिलांनी मला हाक मारली. एकदा, दोनदा. दाराकडे माझी पाठ होती. मी फुलं निवडत राहिले. पंधरा पावलांवर ती उभी होती. तिला दारातून माझी पाठ दिसली असेल, आणि ती तिनं ओळखलीच असणार. दोन वर्षं तिनं तीच तर पाहिली होती.

ती गेल्यावर वडील आत आले. खुशीत होते. "तुझी अमरावतीची मैत्रीण होती म्हणे. म्हणाली, तुमच्या औषधाशिवाय माझं चालतच नाही. हाका मारल्या तुला, आली का नाहीस?"

"मी पाठ करून बसले होते, बाबा," मी म्हटलं. "मला दिसलं नाही."